दादाने पांढरी घेतली

आमच्या घरात भांडणाचा निकाल बुद्धिबळाच्या पटावर लागतो. हसू नका. हा अप्पांचा, म्हणजे आमच्या वडिलांचा कायदा. मी लहानपणापासून तोंडाची फटकळ आणि दादा मूग गिळून बसणारा, त्यामुळे तोंडी भांडणात मी दर वेळी जिंकायची. अप्पांना ते पटेना. त्यांनी ठरवलं, की ज्याला घरात काही बदलायचं असेल त्याने पांढरी बाजू घ्यायची आणि पहिली चाल खेळायची. ज्याला आहे तेच बरं वाटतं, त्याने काळी. पांढरा जिंकला तर बदल. काळा जिंकला किंवा बरोबरी झाली, तर सगळं आहे तसंच, आणि वर्षभर कोणी तो विषय काढायचा नाही.

अप्पा गेले, कायदा राहिला. घरात आता आम्ही दोघंच. माझं लग्न टिकलं नाही, आणि वहिनी जाऊनही बरीच वर्षं झाली. खाली चष्म्याचं दुकान, वर राहायच्या खोल्या. मी पुढे बसून गिऱ्हाइकांचे नंबर काढते, दादा मागच्या खोलीत यंत्रावर काचा घासतो. त्या खोलीला खिडकी नाही.

इतक्या वर्षांत पांढरी दर वेळी मी घेतली. मला सतत काहीतरी बदलायचं असतं, काय करू? दुकान मोठ्या रस्त्यावर न्यावं, वरच्या दोन खोल्यांची एक करावी, मागच्या खोलीला खिडकी पाडावी, निदान पडदे तरी बदलावेत. पायाला भिंगरी लागलेली बाई मी. ‘थांबला तो संपला’ हे अप्पांनीच मला शिकवलं आणि मग दादाला माझ्यासमोर बसवलं. जिंकले मी फक्त दोनदा. एकदा बाहेरच्या पाटीचा रंग बदलला, एकदा गंजका पंखा काढला. दोन्ही वेळा दादाच्या अंगात ताप होता.

त्याचा बचाव दर वेळी एकच. मी राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे टाकते, तोही टाकतो. मी घोडा काढून त्याच्या प्याद्यावर डोळा ठेवते. इथे चार शहाणी माणसं आपला घोडा बाहेर काढून उत्तर देतात. आमचे दादासाहेब वजिरासमोरचं प्यादं उचलतात आणि एकच घर, फक्त एकच घर, सरकवतात. त्यात स्वतःचाच एक उंट मागे कोंडला जातो, त्याचं त्यांना काही नाही. मग बाकीची फौज त्या प्याद्यांच्या मागे दाटीवाटीने उभी करायची आणि बसायचं. पुस्तकात याला फिलिडोर म्हणतात. मी त्याला भिंत म्हणते, आणि त्या भिंतीवर मी अर्धं आयुष्य डोकं आपटलंय.

तर त्या सोमवारी मी दुकान उघडायला खाली आले, आणि काउंटरवर पट मांडलेला. पांढऱ्या बाजूला दादा बसलेला.

"चुकून बसलास," मी म्हटलं. "उठ, ती माझी बाजू."

"नाही," तो म्हणाला. "मला बदल हवाय."

चिमणी, म्हणजे त्याची मुलगी, लग्न होऊन लांबच्या गावी गेली आहे. तिथे तिने आणि जावयाने रोपवाटिका काढली आहे. ती त्याला बोलावत होती. दोन दिवस भेटायला नाही, कायमचं.

"काचा आता कारखान्यातून घासून मिळतात," दादा म्हणाला. "तुझं अडणार नाही. मला उघड्यावर काम करायचंय. रविवारी खेळू."

एवढं बोलून तो मागे गेला आणि यंत्र सुरू केलं. दादाच्या मानाने ते भाषणच होतं.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. दुकानासाठी नाही हो. दुकान काय, चाललं असतं. पण संध्याकाळी शटर ओढलं की मी चिडू कोणावर? जेवताना ‘हे मीठ आहे की वाळू’ म्हणून कोणाला विचारू? मी आयुष्यभर इथून जायचं म्हणत आले, कारण तो इथे बसलेला होता. आता तोच जाणार होता. मला भीती वाटली, सरळ सांगते.

आणि आता काळी बाजू मला घ्यायची होती. जन्मात घेतली नव्हती. मला जिंकायचीसुद्धा गरज नव्हती, नुसतं बसायचं होतं. पण नुसतं बसणं हीच गोष्ट मला येत नाही. मी दात घासतानासुद्धा फेऱ्या मारते.

दुपारी दुकानाला कुलूप लावून मी पुस्तकाच्या दुकानात गेले. म्हटलं, भक्कम बचावाचं एखादं पुस्तक द्या. दुकानदाराने शिडी लावून चार पुस्तकं काढली. एकावर तलवार, एकावर वाघ, एकावर ज्वाळा. चौथ्याचं नाव होतं ‘वीस चालींत मात’.

"अहो, मला कोणावर मात करायची नाही. मला फक्त हरायचं नाही."

"बाई, तसलं पुस्तक कोण विकत घेईल?" तो म्हणाला. मला त्याचा राग आला, कारण कालपर्यंत मीसुद्धा घेतलं नसतं.

वाचनालयात एक जाडजूड ग्रंथ मिळाला. त्यात डावाच्या जगातल्या सगळ्या सुरुवाती भरलेल्या. फिलिडोरला पानं तीन. पहिल्या पानावर चाली, दुसऱ्यावर पांढऱ्याने काय करावं, तिसऱ्यावर पांढऱ्याने आणखी काय करावं. शेवटी निकाल: भक्कम पण निष्क्रिय. बस्स! काळ्याने काय करावं, हे विचारायची कोणाला गरजच वाटली नव्हती. मी तिथेच मोठ्याने "वा रे वा" म्हणाले आणि ग्रंथपालबाईंनी माझ्याकडे डोळे वटारून पाहिलं. त्यांचा चष्मा आमच्याच दुकानातला होता.

मग मोबाइल. एक पोरगा ओरडत होता, "मित्रांनो, हा बचाव दिसला की खूश व्हा!" आणि टणाटण उंट आपटून राजाला बाहेर ओढत होता. दुसरा तेच, तिसरा तेच. चौथा शांत होता, पण तो इतका हळू बोलायचा की मी त्याला दुप्पट वेगाने लावलं, आणि मग काही कळेना. भिंत फोडायला अख्खी दुनिया कुदळ घेऊन उभी. बांधायला कोणी येईना. रात्री अंथरुणावर डोळे मिटले की ती प्यादी चालायची आणि मी कूस बदलायची.

बुधवारी मास्तर आले. शाळेतून निवृत्त झालेले, आता पोरांना बुद्धिबळ शिकवतात. वाचायचा चष्मा बदलायला आले होते. मी त्यांना खुर्चीत बसवलं, डोळ्यांवर चौकट चढवली आणि काचा बदलता बदलता विचारलं.

"आधीचं स्पष्ट की आत्ताचं? आणि मास्तर, फिलिडोर शिकायचा तर कशावरून शिकावा?"

"आत्ताचं. कशाला हवाय तुम्हाला? तुमचा स्वभाव तो नाही."

"माझा स्वभाव राहू द्या बाजूला. आता?"

"आधीचंच बरं होतं. हे बघा, बसके बचाव पुस्तकातून येत नाहीत. चाली पाठ करून काही होत नाही, त्यात चाली नसतातच फारशा. एक माणूस शोधायचा, जो जन्मभर तेवढंच खेळलाय. त्याचे डाव बघायचे. तो कधी काय करत नाही, ते बघायचं. आणि तो समोर बसून शिकवायला तयार असला, तर मग पुस्तक फेकून द्या."

"असा माणूस मी कुठून आणू?"

मास्तरांनी चौकटीसकट मान वळवली आणि मागच्या खोलीकडे बोट दाखवलं. आत यंत्र घरघरत होतं.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," ते म्हणाले. "कमाल आहे तुमची."

मी त्यांचा नंबर पाव अंशाने चुकवला. नंतर सुधारला, पण चुकवला.

संध्याकाळपर्यंत मी फ्रेमा पुसत राहिले. पुसलेल्या पुन्हा पुसल्या. कोणत्या तोंडाने जाणार? ज्याला हरवायचं त्यालाच जाऊन म्हणायचं, बाबा रे, तुला अडवायचं कसं ते तूच शिकव? चोरानेच कुलूपवाल्याकडे शिकवणी लावावी तसं ते. पण लाज आणि भीती यांत माझ्यात भीती जास्त निघाली. मी मागच्या खोलीचं दार ढकललं.

"दादा, मला तुझी भिंत शिकव."

त्याने यंत्र बंद केलं. हातातली काच उजेडाकडे धरली, फुंकर मारली, पुन्हा धरली. मला वाटलं हाकलून देईल.

"स्टूल ओढ," तो म्हणाला.

"तुझ्याविरुद्धच खेळणार आहे मी. कळतंय ना?"

"कळतंय. पण तुला काहीच येत नसताना जिंकलो, तर अप्पांना काय वाटेल?"

अप्पा जाऊन किती वर्षं झाली! पण आमच्या घरात ते अजून बघत असतात.

तीन संध्याकाळी त्याने मला शिकवलं. पट स्टुलावर, काचेची भुकटी सगळ्या सोंगट्यांवर. दादा मला इतकं बोलताना कधी दिसला नव्हता.

"मधलं प्यादं सोडायचं नाही. पांढरा शेजारी येऊन उभा राहील, मार मार म्हणेल. मारायचं नाही."

"समोर आयतं आलेलं मारायचं नाही?"

"नाही. मारलंस की जागा मोकळी होते, आणि मोकळी जागा नेहमी त्याच्या कामाची. तू किल्लेकोट करून राजा कोपऱ्यात लपव, घोडे जवळ ठेव, हत्ती शेजारी आण."

"आणि मग?"

"मग काही नाही. हत्ती एक घर इकडे, एक घर तिकडे. समोरचा कंटाळेपर्यंत."

"आणि मलाच कंटाळा आला तर?"

"तो तुला येतोच. म्हणून तू हरतेस. मला नाही येत." त्याने सोंगटीवरची भुकटी अंगठ्याने पुसली. "म्हणजे पूर्वी यायचा नाही."

मी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

शेवटच्या संध्याकाळी त्याने मला त्याची दुखरी नससुद्धा दाखवली. पांढऱ्याने राजाकडचा घोडा बाजूला घ्यायचा, आणि त्याच्या मागे दडलेलं प्यादं दोन घरं पुढे ढकलायचं. मग भिंत हलायला लागते. "इतक्या वर्षांत तू ते एकदाही ढकललं नाहीस," तो म्हणाला. "तुला घाई. तू घोडे उडवत बसतेस. मी दर वेळी त्या प्याद्याकडे बघत असायचो, की आज ढकलेल, उद्या ढकलेल."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. इतकी वर्षं! मागच्या खोलीला खिडकी झाली असती की हो! पण मी गप्प बसले. म्हणजे मी शिकत होते.

रविवारी दुकान बंद. दादा धुतलेला शर्ट घालून आला. काउंटरवर पट, बाजूला दोन कप चहा. अप्पांच्याच सोंगट्या, पांढऱ्या घोड्याचा एक कान तुटलेला.

त्याने राजासमोरचं प्यादं टाकलं. मी टाकलं. त्याने घोडा काढला. आणि मी, जिने आयुष्यभर त्या चालीला शिव्या घातल्या, तिने वजिरासमोरचं प्यादं एक घर सरकवलं. दादा हसला.

पुढे मी काय सांगू? मी बसले. अक्षरशः दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. त्याचं प्यादं माझ्या प्याद्याला येऊन भिडलं, मी मारलं नाही. त्याचा उंट माझ्या राजाच्या दिशेने रोखून उभा राहिला, मी किल्लेकोट केला. माझा पाय काउंटरखाली एकसारखा हलत होता, चहाचे कप किणकिणत होते. ओरडावंसं वाटत होतं. एवढ्याशा जागेत, आपलीच माणसं आपल्या वाटेत, आणि समोरच्याने काय करायचं ते ठरवेपर्यंत श्वास रोखायचा. हे त्याने कसं केलं असेल इतकी वर्षं? त्या बिनखिडकीच्या खोलीत, माझ्या एकेका नव्या हट्टाची वाट बघत?

मग त्याने घोडा बाजूला घेतला.

आता ते प्यादं मोकळं होतं. मी हत्ती एक घर सरकवला, दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. दादाचा हात प्याद्याकडे गेला. लावला नाही; लावला असता तर खेळावंच लागलं असतं. बोटं वर तरंगत राहिली. मी मनात म्हणत होते, नको, दादा, नको. त्याच्या कपाळावर घाम होता. मग त्याने हात मागे घेतला आणि घोडा जागेवर परत आणला.

मी हत्ती परत आणला. त्याने पुन्हा घोडा बाजूला घेतला, मी पुन्हा हत्ती सरकवला, पुन्हा बोटं तरंगली, पुन्हा घोडा परत. मीही हत्ती परत आणला आणि पटाकडे बघितलं. तीच मांडणी तिसऱ्यांदा.

"बरोबरी," तो म्हणाला.

"बरोबरी," मी म्हणाले. "ढकललं का नाहीस?"

"घोडा परत आणता येतो," दादा म्हणाला. "प्यादं नाही येत." त्याने माझ्या पाठीवर थोपटलं. "चांगली बसलीस." आणि तो मागे गेला. रविवार असून त्याने यंत्र सुरू केलं. घासायला एकही काच नव्हती, मला माहीत होतं.

मी जिंकले होते. म्हणजे जे मागितलं ते मिळालं होतं. मी वर गेले, खाली आले, पुन्हा वर गेले. पडदे काढून धुतले. काही केल्या बरं वाटेना.

सोमवारी तो फोनवर चिमणीशी बोलत होता. "नाही गं जमत एवढ्यात. पुढच्या वर्षी बघू. रोपांना पाणी वेळेवर घाल." आवाजात तक्रार नाही, काही नाही. तीच माझी चीड! भांडला असता तर मी भांडले असते. फोन ठेवला आणि खिडकी नसलेल्या खोलीत गेला.

मंगळवारी दुकानात गर्दी होती. एक म्हातारे काका खुर्चीत होते, दोन बायका बाकावर थांबल्या होत्या. मी काकांना विचारत होते, आधीचं स्पष्ट की आत्ताचं, आणि ते दर वेळी म्हणायचे, सारखंच आहे हो बाई. सारखंच. चार वेळा ते ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. काकांना चौकटीसकट तिथेच सोडलं, काउंटरवरच्या फ्रेमा हाताने बाजूला लोटल्या आणि पट मांडला. पांढरी माझ्या बाजूला.

"दादा! बाहेर ये!"

तो आला. भुवयांवर काचेची भुकटी.

"आत्ता? लोक थांबलेत. काय हवंय तुला? परवा तर धुतलेस पडदे."

"पडदे गेले खड्ड्यात. मला बदल हवाय. तू चिमणीकडे जायचंस."

दादाने पटाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तो विषय वर्षभर काढायचा नाही. कायदा आहे."

"तुझा विषय तुला काढता येत नाही. हा माझा आहे. मी मागतेय. तुला आहे तेच बरं वाटत असेल, तर बस समोर आणि अडव मला. शिकवलंयस तू, मी ते प्यादं आज ढकलणार आहे, सांगून ठेवते."

बाकावरच्या बायका पुढे सरकल्या. दादा हळूच स्टुलावर टेकला. मी राजासमोरचं प्यादं टाकलं. त्यानेही टाकलं, सवयीने. मी तुटक्या कानाचा घोडा काढला. त्याचा हात उठला आणि वजिरासमोरच्या प्याद्याकडे निघाला, जसा तो जन्मभर निघाला होता. मी श्वास रोखला. नको खेळूस ते, दादा. या वेळी मी बरोबर उलटं मागत होते.

हात प्याद्याच्या वर थांबला. रविवारसारखाच. बराच वेळ थांबला. मग पुढे न जाता मागे वळला, राजाच्या डोक्यावर आला, आणि त्याने आपला काळा राजा अलगद पटावर आडवा केला.

"हरलो," तो म्हणाला.

मी त्याच्या कपाळाला हात लावला. ताप नव्हता. आणि मग त्या बायकांसमोर, चौकट घातलेल्या काकांसमोर, भर दुपारी मी भोकाड पसरलं.

"अगं," दादा म्हणाला. त्याचेही डोळे भरले होते. "रडतेस काय वेडे? जिंकलीस ना तू."